हेम्पच्या गमीज: "लीगल आहे" म्हणजे नक्की काय आहे?

शेवगा_पान

मंडळी, हा धागा आरोग्यात टाकावा की कायद्यात ते कळेना, म्हणून गप्पांमध्येच टाकतेय. ॲडमिन, हवा तर हलवा.

आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. साबा (सासूबाई) सहा महिन्यांसाठी आल्यात. वय ७१. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू, बीपीची गोळी चालू. गुडघे दुखतात आणि इथे आल्यापासून झोपेचं पार खोबरं झालंय. देवळात ओळख झालेल्या एका काकूंनी त्यांना 'हेम्पच्या गोळ्या', म्हणजे चघळायच्या गोड गमीज, सुचवल्या. "गांजा नाही हो, हेम्प आहे. गॅस स्टेशनवर मिळतं, माझी सून आणून देते. रात्री घेतली की सकाळीच डोळा उघडतो." वर एक अर्धी संपलेली डबीही हातात दिली.

तेव्हापासून साबांचा धोशा चालू आहे. नवरोबा म्हणतात, दुकानात उघड मिळतंय म्हणजे लीगलच असणार, घेऊ दे की. मला मात्र डबीवरचं ते रंगीबेरंगी अस्वल बघून धडकी भरते, कारण घरात सहा वर्षांचं पोर आहे. शिवाय आमचं ग्रीन कार्ड रांगेत.

कुणाला नीट माहिती आहे का? उपदेश नको, माहिती हवी.

ढोबळी_मिरची

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हलके घ्या.

पावशेर

"गांजा नाही, हेम्प आहे" हे काकूंचं वाक्य कायद्यापुरतं खरं आहे, डोक्यापुरतं खोटं.

झाड एकच, कॅनाबिस. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेत जो फार्म बिल कायदा झाला त्याने एक रेघ ओढली: वाळलेल्या मालाच्या वजनात डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्यापर्यंत असेल तर ते हेम्प, त्यापुढे गेलं की गांजा. हेम्पला अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढलं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेत होतं. दोर, कापड, बी, तेल, फार तर सीबीडी (त्याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य). वाळलेल्या झाडात ०.३ टक्के म्हणजे खरंच काही नाही.

पण टक्केवारी लावायची कशाला, तर वजनाला. आणि गमीला वजन असतं. ४ ग्रॅमच्या गमीचे ०.३ टक्के करा: १२ मिलिग्रॅम. कोलोरॅडोत परवाना असलेल्या गांजाच्या दुकानात खाण्याच्या मालाचा एक डोस जास्तीत जास्त १० मिग्रॅ ठेवायची परवानगी आहे. म्हणजे एकवीस वर्षांचा पुरावा बघून, दारावर माणूस उभा करून विकतात त्यापेक्षा जास्त टीएचसी तुमच्या गॅस स्टेशनवर च्युइंगमशेजारी 'हेम्प' म्हणून बसू शकतं. ३५५ मिलीच्या सोड्याच्या कॅनला हाच हिशेब लावला तर हजार मिग्रॅच्या वर जातो. तेवढं कुणी घालत नाही, पण त्या टक्केवारीने अडवलं नसतं.

दुसरी पळवाट डेल्टा-८ ची. कायद्याने नाव घेतलं फक्त डेल्टा-९ चं. झाडात डेल्टा-८ नावापुरतंच असतं, पण सीबीडी घेऊन त्यावर आम्लाची प्रक्रिया केली की ते हवं तेवढं बनवता येतं. सीबीडीचा महापूर आला होता, भाव पडले होते, मग उत्पादकांनी हा धंदा काढला. २०२२ मध्ये एका फेडरल अपील कोर्टानेही कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर डेल्टा-८ हेम्पमध्ये बसतं असं म्हटलं. त्यामागून एचएचसी, टीएचसी-पी, टीएचसी-ओ अशी अक्षरांची बाराखडीच आली. त्यातलं टीएचसी-ओ बेकायदा आहे असं डीईएने (अमेरिकेचं अमली पदार्थविरोधी खातं) २०२३ मध्ये स्पष्ट केलं, तरी ते डब्यांवर दिसत राहिलं.

थोडक्यात, हेम्पपासून काढलेलं डेल्टा-९ आणि गांजापासून काढलेलं डेल्टा-९ यांत रेणूचा फरक शून्य. यकृत पावती बघत नाही.

ताकपिठं

म्हणजे माझी बहीण पुण्यात हेम्पच्या बियांचं पीठ स्मूदीत घालते ते पण हेच का? धसकाच घेतला मी.

पावशेर

नाही नाही, बहिणीला सुखाने पिऊ दे. भारतात एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. बियांत टीएचसी किलोला ५ मिग्रॅच्या वर नको, तेलात १० च्या वर नको अशी मर्यादा आहे. म्हणजे इथल्या एका गमीत जेवढं असतं तेवढं मिळवायला तिला किलोवारी बिया चघळाव्या लागतील. नाव सारखं, माल वेगळा.

काळी_मैना

शेवगा, मी मिनेसोटात फार्मसीत काम करते. आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं.

साबांना नको. वॉरफरिन चालू असताना तर अजिबात नको. टीएचसी आणि सीबीडी दोन्ही यकृतातल्या त्याच एन्झाइम्सच्या वाटेला जातात जी वॉरफरिन मोडतात. वॉरफरिन शरीरात साचलं की आयएनआर वर जातो, म्हणजे रक्त हवं त्याहून पातळ. सीबीडीमुळे असं झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आणि या 'झोपेच्या' गमीजमध्ये सीबीडी बहुतेक वेळा असतंच. त्यात टीएचसीने उभं राहिल्यावर बीपी पडतं, ठोके वाढतात. रात्री दोनला बाथरूमला उठलेली ७१ वर्षांची बाई, गुडघे आधीच धड नाहीत, रक्त पातळ, आणि डोळ्यांवर अंधारी. पडल्या तर साधी टेंगळं येऊन भागणार नाही.

आता इतरांसाठी.

खाल्लेल्या टीएचसीची सगळी गंमत, आणि सगळा धोका, वेळेत आहे. ओढलं की मिनिटांत डोक्यात जातं, माणसाला कळतं कुठे थांबायचं. खाल्लं की ते पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि ते मेंदूत आणखी सहज शिरतं. सुरुवातीलाच अर्धा तास ते दोन तास लागतात. पूर्ण चढायला दोन ते चार तास. उतरायला सहा-आठ तास, कधी दुसऱ्या दिवशीची सकाळही जड जाते. वर ते तेलातुपात विरघळणारं आहे. उपाशीपोटी घेतलेली गमी आणि पुरणपोळी-तुपावर घेतलेली तीच गमी वेगळी वागते.

घोटाळा होतो तो पहिल्या तासाभरात. "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरी घेतात, मग तिसरी. आणि मग सगळ्या एकदम उगवतात. २०१४ च्या मार्चमध्ये कोलोरॅडोत एक १९ वर्षांचा मुलगा याच पायी गेला. ६५ मिग्रॅची कुकी होती. दुकानदाराने सहावा हिस्सा खा म्हणून सांगितलं होतं, त्याने तेवढाच खाल्ला, अर्धा-एक तास काही जाणवलं नाही म्हणून उरलेली संपवली. पुढे तो भ्रमिष्टासारखा वागायला लागला आणि चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्याने उडी मारली. सीडीसीने (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था) ती केस छापली आहे. तो माल परवान्याच्या दुकानातला होता, हेम्पचा नव्हे. पण घड्याळ तेच.

डोस म्हणाल तर संशोधनासाठी ५ मिग्रॅ टीएचसी हे एक प्रमाण एकक २०२१ मध्ये अमेरिकेच्या एनआयडीए संस्थेने ठरवलं. आमच्या मिनेसोटाने २०२२ च्या जुलैत हेम्पच्या गमीज रीतसर मान्य केल्या तेव्हाही मर्यादा डोसला ५ आणि पाकिटाला ५० मिग्रॅ, वय २१ पूर्ण, अशीच ठेवली. ज्याने कधीच घेतलेली नाही त्याने घ्यायचीच असेल तर २.५ मिग्रॅ किंवा कमी, आणि त्या दिवशी दुसरी नाही. "दोन तासांनी बघू" वगैरे पण नाही. त्या दिवशी नाहीच.

ज्यांनी अजिबात हात लावू नये ते: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस असलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, आणि वाढत्या वयातली मुलं. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, त्यामुळे कॉलेजची पोरंही मी यातच धरते.

गणेशवाडीचा_बाळ्या

अमेरिकेला जाऊन तुम्ही लोक फारच घाबरट झालात. आमच्याकडे महाशिवरात्रीला घागरभर थंडाई होते. आजोबा, काका, सगळे प्यायचे. एकदोघे हसत बसायचे, एखादा कोपऱ्यात झोपायचा. चिंचेचं पाणी पाजलं की उतरली. शंकराचा प्रसाद तो, त्याला मिलिग्रॅम कसले लावता?

सांडगी

बाळ्याभाऊ, ती थंडाई कोण घोटायचं? एखादा जाणता माणूसच ना? त्याला पानं माहीत, किती वाटायची माहीत, आणि पोराटोरांना वेगळी घागर. भांग म्हणजे पान, गमी म्हणजे अर्क. आणि हो, ती पण उशिरानेच चढते आणि "मला काही होत नाही" म्हणत दुसरा पेला लावणारा दरवर्षी एकतरी असतोच. तुमच्या कोपऱ्यात झोपलेल्याला कधी विचारलंत का पेले किती झाले होते?

काळी_मैना

सांडगी +१. चिंच, लिंबू, लोणचं याने उतरते हे मी पण लहानपणापासून ऐकत आलेय. नुकसान काही नाही, पण त्यावर विसंबू नका. लिंबू पाजलं म्हणून गाडीची किल्ली हातात देऊ नका म्हणजे झालं.

जास्त झालीच तर माणसाला वाटतं आपण मरतोय. छातीत धडधड, तोंडाला कोरड, हातपाय गार, वेळ पुढे सरकत नाही. मोठं, धडधाकट माणूस असेल तर बहुतेक वेळा शांत खोली, पाणी, कुशीवर झोपवणं आणि शेजारी कुणीतरी बसणं एवढ्याने निभावतं. छातीत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, बरळत असेल, उठवून उठत नसेल तर ९११ ला (आणीबाणीचा नंबर) फोन. मूल असेल तर कशाचीही वाट बघू नका.

उंबरठा

मुलांवरून लिहितो. आमच्या ग्रुपमध्ये झालेलं आहे, नावं-गावं सांगत नाही.

दिवाळीचं पॉटलक. एका पाहुणीच्या पर्समध्ये झोपेच्या गमीजचं पाकीट, पर्स बेडरूममध्ये पलंगावर, आणि चार वर्षांची पोरगी तिथेच खेळत होती. किती खाल्ल्या कुणालाच माहीत नाही. तासाभराने किरकिर सुरू झाली. सगळे म्हणाले झोप आलीय. मग ती चालायला लागली तर पाय भलतीकडेच पडत होते. आईने उचललं तर मान टाकली. डोळे अर्धे उघडे, हाक मारली की फक्त पापणी हलायची. आधी सगळ्यांना ताप, फिट असलंच काहीतरी वाटलं. इमर्जन्सीत डोक्याचा स्कॅन झाला, रक्त तपासलं, मेंदूज्वर आहे का इथपर्यंत गेलं. लघवीच्या तपासणीत टीएचसी आलं तेव्हा उलगडा. तोवर ती पाहुणी दिवाणखान्यात सगळ्यांसाठी प्रार्थना करत बसली होती, तिच्या डोक्यातच आलं नाही की आपली पर्स.

रात्रभर श्वासावर लक्ष ठेवलं, दुसऱ्या दिवशी पोरगी हसत घरी आली. पण हॉस्पिटलने नियमाप्रमाणे बालकल्याणवाल्यांना कळवलं, त्यांचा माणूस घरी येऊन फ्रिज, कपाटं, औषधांचा डबा सगळं बघून गेला. त्या आईबापांनी यातलं काहीही विकत आणलेलं नव्हतं.

पर्स हा एक शब्द लक्षात ठेवा. आपण घरातली कपाटं बंद करतो, पाहुण्यांच्या पर्स नाही.

काळी_मैना

बाप रे. आणि ही एकटी-दुकटी घटना नाही. सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या ज्या नोंदी अमेरिकेतल्या पॉयझन सेंटर्सकडे आल्या त्या २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. डॉक्टरला पहिल्याच मिनिटाला "गमी खाल्ली असण्याची शक्यता आहे" हे कळलं तर निम्म्या तपासण्या वाचतात. लाज वाटून लपवू नका.

पॉयझन कंट्रोलचा नंबर फ्रिजवर चिकटवा: १-८००-२२२-१२२२. चोवीस तास चालू, फुकट.

शेवगा_पान

सगळ्यांचे आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद नवरोबांना वाचून दाखवला, ते गप्प झालेत.

काकूंनी दिलेली डबी आता चष्मा लावून वाचली. पुढे लिहिलंय "३००० मिग्रॅ लाइव्ह रेझिन ब्लेंड", मागे "२० गमीज". खाली बारीक अक्षरात "०.३ टक्क्यापेक्षा कमी डेल्टा-९". एका गमीत नक्की कशाचे किती, ते कुठेच नाही. एक क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला तर कंपनीचं मुखपृष्ठ उघडतं. शोधत शोधत लॅब रिपोर्ट सापडला, त्यावर डेल्टा-९ पुढे 'एनडी' लिहिलंय. म्हणजे काही नाहीच ना?

काळी_मैना

रिपोर्टचा फोटो टाक गं. आणि डबीच्या बुडाला किंवा कडेला बॅच नंबर असेल, तो पण.

शेवगा_पान

टाकला. बॅच नंबर वेगळा दिसतोय की?

काळी_मैना

बघितला. छान नमुना दिलास, एकाच कागदात सगळं आहे.

बॅच जुळत नाही आणि रिपोर्टची तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे हा कागद तुझ्या हातातल्या डबीचा नाहीच. वर डावीकडे नमुन्याचा प्रकार बघ: "डिस्टिलेट". म्हणजे त्यांनी गमी तपासायला दिलीच नाही, गमीत घालायचं तेल दिलं. त्या तेलात डेल्टा-८ ८२ टक्के दाखवलंय. 'एनडी' म्हणजे सापडलं नाही, ते फक्त डेल्टा-९ च्या ओळीत. बाकीच्या ओळी कुणी बघत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

आता पान दोन. कीटकनाशकं, जड धातू, उरलेली रसायनं, तिन्हींपुढे "तपासलं नाही". डेल्टा-८ आम्ल आणि सॉल्व्हंट वापरून बनतं, म्हणजे जे तपासायलाच हवं नेमकं तेच नाही.

आणि हिशेब कर: ३००० भागिले २० म्हणजे गमीला १५० मिग्रॅ 'ब्लेंड'. डेल्टा-८ हे डेल्टा-९ पेक्षा सौम्य मानतात, कबूल. पण आपण वर ५ मिग्रॅच्या गप्पा मारतोय. काकू त्यातली अख्खी घेत असतील तर सकाळीच डोळा उघडतो यात नवल काय?

चांगला रिपोर्ट कसा असतो तर बॅच डबीशी जुळते, तपासणी तयार गमीची असते, प्रत्येक कॅनाबिनॉइड (टीएचसी, सीबीडी यांसारखं द्रव्य) दर गमीला मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो, लॅब कंपनीच्या मालकीची नसून बाहेरची, आयएसओ १७०२५ मान्यता असलेली असते, आणि विषारी द्रव्यांची पानं कोरी नसतात. यातलं एक जरी नसेल तरी मी तो माल काउंटरवर परत ठेवेन.

खुंटीवरचा_सदरा

जरा उलट बाजू मांडू का? नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की घेणारे सगळे बेजबाबदारच.

मला पाठीच्या मणक्याचा जुना त्रास आहे. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलं. डॉक्टरांशी सरळ बोललो, त्यांना बाकीच्या औषधांची यादी दिली, मग सुरू केलं. ५ मिग्रॅच्या गमीची सुरीने अर्धी करतो, जेवण झाल्यावर घेतो, आणि त्यानंतर घराबाहेर पडायचं नाही. दारूच्या दिवशी गमी नाही, गमीच्या दिवशी दारू नाही. दुखणं जात नाही, पण त्याच्याकडे लक्ष कमी जातं. झोपेचं म्हणाल तर सुरुवातीला लागते, रोज घेतली की हळूहळू तेवढ्याने लागेनाशी होते, मग माणूस डोस वाढवतो. म्हणून मी रोज घेत नाही.

डबी कुलपाच्या पेटीत, मूळ पाकिटातच. काचेच्या बरणीत काढून ठेवणारे महाभाग आहेत, दुसऱ्या दिवशी पाहुणा गोड समजून तोंडात टाकतो. आणि घरातल्या मोठ्यांना तरी माहीत असावं की तुम्ही घेतलीय. आमच्या सौ.ला मी सांगूनच घेतो, ती किल्ली काढून ठेवते.

पिंगळा

सदरा, नोकरीत ड्रग टेस्ट नाही वाटतं?

खुंटीवरचा_सदरा

निवृत्त आहे. पण मुद्दा बरोबर. लघवीच्या तपासणीत बघतात ते टीएचसी मोडून झालेलं द्रव्य, ते हेम्पचं की गांजाचं हे कळत नाही. रोज घेणाऱ्याचं कित्येक आठवडे दिसू शकतं. "साहेब, हेम्प होतं" हे ऐकून घेणारा एचआर मला तरी भेटलेला नाही. ट्रकवाले, नर्स, विमानतळावर काम करणारे, यांनी तर विषयच सोडावा. आणि गाडी चालवताना पकडलं तर टेक्सासात नशा कायदेशीर वस्तूची होती हा बचाव चालत नाही.

बिनपगारी_वकील

शेवगाताईंचा ग्रीन कार्डवाला प्रश्न मागे पडला. मी इमिग्रेशनचं काम करत नाही, तुमच्या वकिलांना विचाराच, पण ढोबळ चित्र असं.

इमिग्रेशन चालतं फेडरल कायद्याने. गांजा कितीही राज्यांनी खुला केला तरी फेडरल कायद्यात तो गुन्हाच. आणि इथे शिक्षा व्हावीच लागते असं नाही. अमली पदार्थाचा गुन्हा केल्याची कबुली अधिकाऱ्यापुढे दिली तरी प्रवेश नाकारायला ते पुरतं. २०१९ मध्ये यूएससीआयएसने (ग्रीन कार्ड, नागरिकत्व देणारं खातं) आपल्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजासुद्धा नागरिकत्वाच्या वेळी 'सद्वर्तना'च्या आड येऊ शकतो.

हेम्प त्या यादीत नाही, म्हणजे कागदावर तुम्ही सुटलात. पण कधी? डबीतला माल खरोखर ०.३ टक्क्याच्या आत असेल तेव्हा. वर जो रिपोर्ट पाहिला त्याच्या भरवशावर तुम्ही दहा वर्षांची रांग पणाला लावणार का? एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांनी यापासून चार हात लांब राहावं असं माझं स्पष्ट मत. अधिकाऱ्याने विचारलंच तर खोटं बोलू नका, ते आणखी महागात पडतं. आधी वकील गाठा.

ताकपिठं

आणि साबा जाताना सोबत नेणार असतील तर? म्हणजे सहज विचारतेय, माझ्या आत्याने असंच काहीतरी पर्समध्ये टाकून नेलं होतं.

बिनपगारी_वकील

आत्याबाईंचं नशीब थोर. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आहे. त्यात भांगेची पानं, शेंडे सोबत नसतील तर, 'गांजा'च्या व्याख्येबाहेर राहतात आणि राज्यांच्या अबकारी कायद्यात जातात. ते झालं पानांचं. टीएचसीचा अर्क घातलेली गमी म्हणजे पान नव्हे. टीएचसी त्या कायद्याच्या परिशिष्टात नावाने आहे. अमेरिकेची ०.३ टक्क्याची रेघ मुंबईच्या कस्टम्सला लागू नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात ठरवलं की मिश्रण असेल तर फक्त शुद्ध अमली द्रव्याचं नाही, त्यात मिसळलेल्या बाकीच्या पदार्थाचंही वजन धरायचं. हाच नियम गमीला लावला तर साखर, जिलेटिन, रंग सगळं वजनकाट्यावर येतं. डबी दोनशे ग्रॅमची असेल तर दोनशे ग्रॅम. दुबई-दोहामार्गे तिकीट असेल तर मधल्या विमानतळाचे कायदे वेगळेच. पर्समधल्या सुट्या गोळ्या, औषधाच्या डब्यात मिसळलेल्या गमीज, सगळं निघायच्या आदल्या रात्री चाळून बघा.

ढोबळी_मिरची

पॉपकॉर्न संपले आणि गंमतही. हे राज्याराज्यांत वेगळं आहे का? मी कॅलिफोर्नियात आहे, इथे तर दुकानांतून गायब झालंय.

पावशेर

हो. तुमच्याकडे २०२४ च्या सप्टेंबरात तातडीचा नियम आला: हेम्पच्या खाद्यपदार्थात टीएचसीचा अंशही सापडता कामा नये. गंमत म्हणजे तिथे परवान्याच्या दुकानात गांजा मिळतो, हेम्पची गमी नाही. टेक्सासात उलटं. विधिमंडळाने २०२५ मध्ये सरसकट बंदी मंजूर केली, गव्हर्नर ॲबट यांनी जूनमध्ये ती नकाराधिकार वापरून फेटाळली, आणि सप्टेंबरात आदेश काढला की २१ वर्षांखालच्यांना विकायचं नाही, ओळखपत्र बघायचं. तोपर्यंत टेक्सासात वयाची राज्यव्यापी अट नव्हती. शाळेतलं पोर आत जाऊन घेऊ शकत होतं.

आणि मुळात हा सगळा बाजारच आता गुंडाळायच्या बेतात आहे. १२ नोव्हेंबर २०२५ ला सरकारी शटडाउन संपवणाऱ्या कायद्यावर सही झाली, त्यात हेम्पची व्याख्याच बदलली. आता एकट्या डेल्टा-९ ऐवजी एकूण टीएचसी मोजायचं, कारखान्यात रसायनाने बनवलेले कॅनाबिनॉइड बाहेर, आणि तयार मालात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमपर्यंतच. अंमल एका वर्षाने. ही तारीख पुढे ढकला म्हणून उत्पादक आणि हेम्पचे शेतकरी मागे लागलेत. माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा मिनेसोटाचा मार्ग बरा होता: डोस ठरवा, वय ठरवा, तपासणी सक्तीची करा. बंदीने माल नाहीसा होत नाही, फक्त लॅब रिपोर्ट नाहीसा होतो.

सांडगी

शेवटच्या वाक्याशी असहमत. आत्ता तरी कुठे रिपोर्ट आहे? वर बघितला की आपण.

पावशेर

तेही खरंच.

शेवगा_पान

अपडेट: साबांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "याने तुमची रक्ताची गोळी बिघडते." गांजा-हेम्प काही बोलले नाही. लगेच पटलं. डॉक्टरांकडे नेऊन आलो, आयएनआर ठीक आहे. झोपेबद्दल त्यांनी दुपारची दोन तासांची झोप आणि पाचचा चहा दोन्ही बंद करायला सांगितलंय. चहावरून घरात शीतयुद्ध चालू आहे. काकूंच्या सुनेशी फोनवर बोलले, तिला डेल्टा-८ हा शब्दच माहीत नव्हता.

ती डबी कशी टाकू? कचऱ्यात तशीच नको वाटते, आमच्याकडे कुत्रा पण आहे.

काळी_मैना

कुत्र्यापासून लांबच ठेव, कुत्र्यांना थोड्यानेही फार चढतं. नको असलेल्या औषधांची विल्हेवाट लावतात तसंच कर: पाकिटातून काढ, कॉफीच्या चोथ्यात नीट कालव, झिपलॉकच्या पिशवीत बंद कर आणि कचरा न्यायच्या दिवशीच बाहेरच्या डब्यात टाक.

पिंगळा

वाचनखूण साठवली. पावशेर, ते ०.४ मिग्रॅ प्रत्येक गमीला ना?

पावशेर

नाही, अख्ख्या डबीला. शेवगाताईंची वीस गमीजची डबी धरलीत तर गमीला ०.०२.